विश्लेषण : मान दुखली की लगेच ‘ट्रॅक्शन’? मणक्यातला ‘गॅप’, यंत्राचे गणित आणि राहून जाणारी तपासणी

मान धरते. दोन दिवस बाम, मग उशी बदलून पाहणे, मग मेडिकलमधून आणलेला मानेचा पट्टा. आठवडाभराने एक्स-रे निघतो आणि घरी निरोप येतो, ‘मणक्यात गॅप आलाय’. तिथून पुढे दहा दिवस ‘वजन लावायला’ जायचे. शहर असो की तालुक्याचे गाव, मानदुखीची गोष्ट बहुतेक वेळा याच वाटेने जाते. अलीकडे तिला एक आडवाटही फुटली आहे. मोबाइलवर मानेच्या व्यायामाचा एखादा व्हिडीओ पाहिला की हवा भरायची कॉलर, दाराच्या मुठीला अडकवायची झोळी आणि मानेखाली ठेवायचा उंचवट्याचा फोम यांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. क्लिनिकची पायरी चढायचीही गरज उरत नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच उपचार आहे : सर्व्हायकल ट्रॅक्शन, म्हणजे डोके आणि खांदे यांच्यामध्ये ओढ निर्माण करून मानेच्या मणक्यांवरचा दाब काही वेळ कमी करणे. तो थोतांड नाही. मात्र तो सरसकट मानदुखीचा उपचारही नाही. मानेतून हातात उतरणाऱ्या एका विशिष्ट दुखण्यात, व्यायामाच्या जोडीने आणि मान तपासून झाल्यावर, त्याचा उपयोग होऊ शकतो. हा शेवटचा भागच, म्हणजे तपासणी, बहुतेकदा गाळला जातो. त्याची किंमत एरवी वाया गेलेल्या दहा दिवसांपुरतीच असते, पण काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत ती हातापायातली ताकद गमावण्याइतकी मोठी होऊ शकते.

‘गॅप आला’ म्हणजे नेमके काय?

मराठीत रुळलेला हा शब्दप्रयोग मोठा गमतीचा आहे. ‘गॅप आला’ म्हटले की मणके एकमेकांपासून दूर गेले असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात एक्स-रेमध्ये दिसते ते उलटे. दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. म्हणजे गॅप ‘आलेला’ नसतो, गेलेला असतो. मग ट्रॅक्शन लावून गॅप ‘वाढवायचा’ सल्ला मिळतो, तेव्हा रुग्णाचा गोंधळ होणारच. जो आला म्हणून दुखते तोच आणखी वाढवायचा कसा, असा प्रश्न अनेकांना पडतो. डॉक्टरांना विचारायचे मात्र राहून जाते.

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोघांमधली जोडणी वेगळी आहे, तिथे चकती नाही. त्यांच्याखाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती, म्हणजे डिस्क. वय वाढते तसे चकतीतले पाणी कमी होते, तिची उंची घटते, कडेला हाडाचे छोटे कंगोरे वाढतात. हीच ती ‘झीज’. मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली जातो आणि दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून नसांची मुळे बाहेर पडून हातांकडे जातात. चकतीचा फुगवटा किंवा हाडाचा कंगोरा या छिद्रात घुसला आणि नसेचे मूळ चिडले, तर दुखणे मानेत न थांबता खांदा, दंड, बोटांपर्यंत पोहोचते. वैद्यकीय भाषेत याला सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी म्हणतात. बोलीत ‘नस दबली’.

पण झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढण्यात आले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा दिसला. विशीतल्या तरुण-तरुणींमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. हे सारे ठणठणीत लोक होते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलेले पाहून घाबरणे आणि त्या दोन शब्दांवर उपचार ठरवणे, दोन्ही चूक. चाळिशीतल्या माणसाच्या मानेच्या एमआरआयमध्ये काहीच सापडले नाही, तर ती बातमी म्हणायची.

ओढ नेमकी कुठे जाते?

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. माणूस बसलेला असताना त्याच्या डोक्याला वरून दोरी बांधून ओढले, तर पहिले पाच किलो केवळ डोके तोलण्यात खर्च होतात. दारावर पुली लावून पाण्याची पिशवी लटकवण्याचे जुने घरगुती साधन अनेकांनी पाहिले असेल. त्या पिशवीत तीन लिटर पाणी भरले तर मणक्यांमधले अंतर वाढणे शक्यच नाही. मानेवर येणारा डोक्याचा भार तेवढा हलका होतो, इतकेच. आडवे झोपवून ट्रॅक्शन दिले की डोक्याचे वजन पलंग घेतो, आणि ओढीला फक्त डोके व पलंग यांच्यातल्या घर्षणावर मात करावी लागते. क्लिनिकमधल्या टेबलांना डोक्याखाली सरकता भाग असतो तो याचसाठी.

मणके प्रत्यक्षात दूर करायचे असतील तर फिजिओथेरपीच्या पाठ्यपुस्तकांत साधारण ९ ते १३ किलोंचा आकडा आढळतो. तोही एकदम नाही. कमी वजनापासून सुरुवात करून, रुग्णाला काय वाटते ते पाहत वाढवायचा. मान किंचित पुढे झुकलेली हवी, कारण त्या स्थितीत मागच्या बाजूची छिद्रे अधिक मोकळी होतात. मान मागे कलली असेल तर उलट तीच छिद्रे आवळली जातात. म्हणजे तेच यंत्र, तेच वजन, पण दोरीचा कोन चुकला तर परिणाम उलटा. पट्टा हनुवटीखाली असेल तर ओढीचा बराच वाटा जबड्यावर येतो, म्हणून नव्या यंत्रांत डोक्याच्या मागच्या हाडाला धरणारी पकड असते.

एवढे सगळे जमवून मिळते काय? मणक्यांमागे साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटर. नसेच्या चिडलेल्या मुळाला एवढी मोकळीक पुरू शकते. शिवाय लयीत ओढणे-सोडणे चालू राहिले की आखडलेले स्नायू सैल पडतात आणि दुखण्याची जाणीव काही वेळ कमी होते. अनेकांना टेबलावरच बरे वाटते आणि ते खोटे नसते. फक्त पंधरा-वीस मिनिटांनी रुग्ण उठून बसतो, आणि पाच किलोचे डोके पुन्हा त्याच मणक्यांवर येऊन टेकते. ‘गॅप भरून आला’ असे म्हणण्याजोगे त्या खोलीत काही घडलेले नसते. झिजलेली चकती ट्रॅक्शनने पूर्ववत होत नाही.

मोबाइलच्या संदर्भात ‘मान ६० अंश वाकवली की २७ किलोंचा भार’ हे चित्र सर्वांच्या फोनवर एकदा तरी येऊन गेले असेल. त्याचा उगम न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या शल्यविशारदाच्या २०१४ च्या निबंधात आहे. ते संगणकावरच्या प्रारूपाचे गणित होते, माणसांच्या मानांवर केलेले मोजमाप नव्हते. पुढे झुकलेल्या मानेवर ताण वाढतो यात वाद नाही. साधा तरफेचा नियम आहे. पण वाकलेली मान आणि दुखणारी मान यांचे नाते संशोधनात त्या चित्राइतके सरळ दिसत नाही. जाहिरातदारांना मात्र हा आकडा फार आवडतो. २७ किलोंनी दाबलेल्या मानेला ओढून सोडवणारे यंत्र विकणे सोपे जाते.

लटकवण्याची जुनी हौस

मान ओढण्याची कल्पना आजची नाही. पाठीचा कणा ओढून सरळ करण्याच्या फळ्या आणि शिड्या हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक ग्रंथांत आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसनने मुडदूस झालेल्या मुलांना झोळीने लटकवण्याचे वर्णन केले; मानेच्या पट्ट्याला आजही काही ठिकाणी त्याचे नाव आहे. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लुईस सेयर कणा वाकलेल्या रुग्णांना हनुवटीखाली पट्टा घालून टांगत आणि त्याच अवस्थेत त्यांच्या धडाभोवती प्लास्टरचे जाकीट चढवत.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. ओडेसातील मोचुत्कोव्स्की या डॉक्टरने सेयरच्या पद्धतीने एका रुग्णाला टांगले. त्याला टेबिस, म्हणजे सिफिलिसमुळे होणारा मज्जारज्जूचा आजार होता. टांगल्यावर वेदना कमी झाल्याचे त्याने सांगितले. १८८९ मध्ये पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या मेंदूविकारतज्ज्ञाने ही पद्धत उचलली आणि युरोप-अमेरिकेत रुग्णांना टांगण्याची लाटच आली. काही वर्षांत ती ओसरली, कारण आजार मणक्यांच्या दाबाचा नव्हताच, संसर्गाचा होता. एका रुग्णाला बरे वाटले, मोठ्या नावाने शिक्का मारला, आणि कोणत्या दुखण्यासाठी काय करतो आहोत हा प्रश्न मागे पडला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी मानेच्या बाबतीत फार वेगळे घडत नाही. शिक्का आता रील्सचा असतो, एवढाच फरक.

अभ्यास काय सांगतात?

जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये यांत्रिक ट्रॅक्शनचा आढावा घेतला. सात चाचण्या, मिळून ९५८ रुग्ण. त्यातली एकच चाचणी भरवशाची ठरली, आणि तिच्यात सतत ओढ देणारे खरे ट्रॅक्शन व लुटुपुटूचे ट्रॅक्शन यांच्यात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. एकूण निष्कर्ष असा होता की उपलब्ध पुरावा ट्रॅक्शनच्या बाजूनेही स्पष्ट नाही आणि विरोधातही नाही.

त्यानंतरच्या दोन अमेरिकी चाचण्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २००९ मध्ये हातात उतरणाऱ्या वेदनेच्या ८१ रुग्णांना हाताने दिलेले उपचार आणि व्यायाम दिला गेला. निम्म्यांना त्यासोबत खरे ट्रॅक्शन, निम्म्यांना नाममात्र ओढीचे. चार आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते, आणि जवळपास सारखेच. ट्रॅक्शनने भर घातली नाही. २०१४ मध्ये अशाच ८६ रुग्णांचे तीन गट केले गेले : केवळ व्यायाम, व्यायाम आणि दारावरचे ट्रॅक्शन, व्यायाम आणि क्लिनिकमधले यांत्रिक ट्रॅक्शन. इथे यांत्रिक ट्रॅक्शनच्या गटाची अडचण सहा महिन्यांनंतरही इतरांपेक्षा कमी होती. दारावरच्या साधनाचा फायदा तितका दिसला नाही.

अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी यातून मध्यम मार्ग काढला. हातात पसरणारी मानदुखी जुनाट झाली असेल तर थांबत-थांबत दिलेले यांत्रिक ट्रॅक्शन, आणि त्यासोबत ताणण्याचे व ताकदीचे व्यायाम आणि मान व पाठीच्या सांध्यांची हालचाल. या वाक्यातला ‘त्यासोबत’ हा शब्द आपल्याकडे हरवतो. मोठ्या दवाखान्यांतही रुग्ण टेबलावर आडवा होतो, पट्टा बांधला जातो, यंत्राचा टायमर लागतो आणि घंटी वाजली की दुसरा रुग्ण. व्यायाम शिकवायला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि रुग्णालाही ‘नुसता व्यायामच करायचा तर आलो कशाला’ असे वाटते. यंत्राने काहीतरी केले याचे समाधान मिळते. गर्दीच्या ओपीडीत हे समजण्यासारखे आहे. पण त्यात वाचतो तो फिजिओथेरपिस्टचा वेळ. रुग्णाचा वाचतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधीच येत नाही. दबलेल्या नसेचे दुखणे बहुतेकांचे आपसूकच ओसरते. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातल्या ५६१ रुग्णांची नोंद तपासणारा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती. पण शेवटच्या तपासणीच्या वेळी सुमारे ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. म्हणजे सहा-आठ आठवड्यांत आराम पडला की श्रेय त्या वेळी जे चालू होते त्याला जाते : ट्रॅक्शन, तेल, नवी उशी, काहीही. शेजारच्या काकूंना दहा दिवसांत गुण आला, हे खरे असू शकते. कशाने आला, ते काकूंनाही ठाऊक नसते.

मग उपयोग कोणाला?

दुखणे मानेपेक्षा हातात जास्त असेल. अंगठ्यात किंवा मधल्या बोटात मुंग्या येत असतील. हात उचलून डोक्यावर ठेवला की बरे वाटत असेल. असे रुग्ण अनेकदा नकळत त्याच अवस्थेत बसतात. मान दुखऱ्या बाजूला कलवून हलकेच दाबली की हातात कळ जात असेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फिजिओथेरपिस्टने दोन्ही हातांनी डोके धरून सावकाश ओढून पाहिले की कळ कमी होत असेल. ही शेवटची चाचणी म्हणजे बिनयंत्राचे, अर्ध्या मिनिटाचे ट्रॅक्शनच. ओढताना आराम पडला, तर यंत्र लावून पाहण्यात अर्थ आहे. ओढताना दुखणे वाढले, तर ते यंत्राने कमी होईल असे मानायला कारण उरत नाही. या तपासणीला वीज लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. तरीही एक्स-रे पाहून थेट टेबलाकडे पाठवले जाते.

याउलट लॅपटॉपवर दहा तास बसून संध्याकाळी खांद्यांच्या वरचे स्नायू दगडासारखे होतात, सकाळी मान एका बाजूला वळत नाही, पण हातात काही उतरत नाही, अशी मानदुखी सर्वांत जास्त आढळते. २०२० मध्ये जगभरात २० कोटींहून अधिक लोकांना मानदुखी होती, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांची दुखणी अशी साधी असतात. या मंडळींना ट्रॅक्शनची गरज नसते. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणणे, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, मान आणि खांद्याच्या पात्यांचे ताकदीचे व्यायाम काही आठवडे नेटाने करणे, हे कंटाळवाणे उत्तर त्यांच्यासाठी अधिक पक्के आहे. मानेचा पट्टा महिनोन्‌महिने घालून फिरणारे आपले स्नायू आणखी दुबळे करून घेतात, हेही जाता जाता.

चप्पल निसटते तेव्हा

आता ज्यांच्यासाठी तपासणी खरोखर निर्णायक आहे ते रुग्ण. चकती किंवा हाडाचा कंगोरा बाजूच्या नसेला न दाबता मागच्या मज्जारज्जूलाच दाबू लागला, तर त्याला मायलोपॅथी म्हणतात. फसवी गोष्ट अशी, की यात मान फारशी दुखत नाही. कधी कधी अजिबात नाही. शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागतो. सही बदलते. सुई ओवता येत नाही, भाकरी थापताना हात पूर्वीसारखे चालत नाहीत. चालताना पाय जड वाटतात, अंधारात तोल जातो. चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर लक्षात येते. ‘वय झाले’ म्हणून घरचे सोडून देतात. थोडीफार मान दुखत असेल तर ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणून ट्रॅक्शन सुरू होते.

अशा मानेला ओढ देणे धोक्याचे आहे, आणि ओढीने अपाय झाला नाही तरी वेळ जातो. दाबलेला मज्जारज्जू जितका काळ दाबलेला राहील तितकी गेलेली ताकद परत येण्याची शक्यता घटते. शस्त्रक्रियेने पुढची घसरण थांबवता येते. गमावलेले सगळे परत मिळेलच असे नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाहणे, तळव्यावर रेघ ओढून अंगठा कुठे वळतो ते पाहणे, रुग्णाला एका रेषेत चालायला लावणे आणि मूठ भराभर उघड-मीट करायला सांगणे, एवढ्यावरून शंका येऊ शकते. पाच मिनिटांचे काम आहे.

ट्रॅक्शन टाळायलाच हवे अशी इतरही कारणे आहेत. पडल्यावर किंवा अपघातानंतर लगेच सुरू झालेली मानदुखी. हातापायांचे सांधे वाकडे करणारा जुना संधिवात, ज्यात मानेच्या वरच्या दोन मणक्यांचे बंध सैल होतात. हाडे खूप ठिसूळ झालेली असणे. डाउन सिंड्रोम. मणक्यातली गाठ, कुठल्याही कर्करोगाचा पूर्वेतिहास, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही तो मणक्याचा क्षयरोग. रात्री झोपू न देणारे दुखणे, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन ही लक्षणे सोबत असतील तर आधी निदान, मग बाकी सारे. मान वळवताच चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे यांचाही संबंध मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशी असू शकतो.

घरी मागवलेल्या झोळीचे काय?

हवेच्या कॉलरची मुख्य अडचण ही, की ती किती ओढते ते कळत नाही. पंप दाबत जायचे, ‘ताण बसला’ वाटले की थांबायचे. खाली खांदे आणि वर जबडा यांच्यामध्ये ती फुगते. जागा न मिळालेली हवा गळ्याच्या बाजूंनाही दाबते, आणि तिथूनच मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. तिच्यात टीव्ही पाहत झोप लागू देणे हा प्रकार करूच नये. दाराच्या मुठीला बांधायच्या झोळीत ओढ ठरते ती डोक्याच्या वजनावर आणि पट्ट्यांच्या कोनावर, म्हणजे शरीर दारापासून किती लांब सरकवले त्यावर. मोजायची सोय इथेही नाही. शिवाय आपल्या घरांत दार पलीकडून कोण कधी उघडेल याचा नेम नसतो. मानेखालचा फोमचा उंचवटा त्या मानाने निरुपद्रवी, कारण त्याची ओढ नगण्य असते. त्याला ट्रॅक्शन म्हणणे हीच अतिशयोक्ती. मात्र तो मान मागे कलवतो, त्यामुळे हातात कळ असणाऱ्याचे दुखणे वाढू शकते.

हौस कुठवर जाते याचे उदाहरण चीनमध्ये दिसले. तिथल्या काही उद्यानांत ज्येष्ठ मंडळी हनुवटीखाली पट्टा अडकवून स्वतःला टांगतात आणि झोके घेतात. २०२४ मध्ये छुंगछिंग शहरात असा व्यायाम करताना एकाचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले होते. झोका घेताना मानेवर केवळ शरीराचे वजन येत नाही. खालच्या टप्प्यावर ते वजनाहून बरेच अधिक होते. झोपाळ्याच्या साखळीला जो जोर सोसावा लागतो, तो इथे मान सोसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि २०१७ च्या नियमांनुसार त्यांची जोखमीप्रमाणे अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. पण कायदा उपकरण पाहतो, मान पाहत नाही. ‘कार्ट’मध्ये टाकण्याआधी ग्राहकाला कोणी विचारत नाही की चप्पल निसटते का. या साधनांच्या पानावर सवलतीच्या टक्क्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत, कोणी वापरू नये ही यादी मराठीसह भारतीय भाषांत छापणे बंधनकारक करायला हरकत नसावी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा मोठा करायलाही कधीतरी सुरुवात करावीच लागली होती.

ज्याला डॉक्टरांनी तपासून घरच्या ट्रॅक्शनचा सल्ला दिला आहे, त्याची गोष्ट वेगळी. रोज क्लिनिकला जाणे न परवडणाऱ्या, गावाकडच्या रुग्णासाठी दारावरचे साधन हा रास्त पर्याय असू शकतो. फक्त वजन, कोन आणि वेळ क्लिनिकमध्ये एकदा समोर बसवून शिकवलेले हवे, आणि पहिले काही दिवस घरात दुसरे माणूस हवे.

टेबलावर आडवे होण्यापूर्वी

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. दहा बैठकांचे पॅकेज एकदम घेण्याची घाई नको. तीन-चार बैठकांत हातातली कळ मानेकडे मागे सरकू लागली, तर गाडी योग्य रस्त्यावर आहे. मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ बोटांपासून मागे यायला हवी. ती उलट खाली उतरत असेल, बधिरता वाढत असेल किंवा पकड सैल होत असेल, तर पुढची बैठक रद्द करून डॉक्टरांना दाखवायचे, पैसे भरलेले असले तरी. किती किलो लावले आणि कालच्यापेक्षा का वाढवले, हे रुग्णाला माहीत असायला हवे. बीपीचे आकडे लोक पाठ ठेवतात, तसा हाही ठेवता येतो.

आणि एक बारीकशी वस्तू. बहुतेक यांत्रिक ट्रॅक्शनच्या यंत्रांसोबत तारेला जोडलेले एक बटण येते. दाबताच ओढ थांबते. ते रुग्णाच्या हातात द्यायचे असते. अनेक ठिकाणी ते यंत्राच्या मागे खिळ्याला अडकवलेले असते. पट्टा बांधून झाला, टायमर लागला आणि बटण हातात नसेल, तर मोटर सुरू होण्याआधी ते मागून घ्यावे.